स्वच्छता ठेवा म्हणे!

डॉक्टर म्हणाले, नायटा आहे. लांबूनच म्हणाले. टेबलापलीकडून माझ्या हातांकडे बघितलं, हात लावला नाही, मलम लिहून दिलं आणि वर फुकटचा सल्ला दिला : ‘स्वच्छता ठेवत जा.’

स्वच्छता! मित्रांनो, हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या आज्ज्या-पणज्यांना हाच शब्द ऐकवत गावाबाहेर ठेवलं. आधी पाणी तोडायचं, मग म्हणायचं हे लोक आंघोळ करत नाहीत. आधी मेलेलं ढोर ओढायला लावायचं, मग नाकाला पदर लावायचा.

मी खांबचा. रोहा तालुक्यातलं, मुंबई-गोवा हायवेवरचं खांब. सुकेळीची खिंड उतरलात की लागतं, पण तुम्ही मुंबईची पोरं तेव्हा गाडीत झोपलेली असता. गाडी बंद पडली तरच आमची तोंडं बघता. ह्या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्या खड्ड्यांनी किती बुश, किती शॉकअप, किती बेअरिंगं खाल्ली त्याचा हिशेब माझ्या हातांवर आहे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही रात्र रात्र गाडीखाली आडवे. सरकारचा खड्डा हीच आमची रोजगार हमी.

सातवीत शाळा सुटली, गॅरेजला लागलो. पहिली दोन वर्षं पोऱ्याचं काम, म्हणजे पार्ट धुणं. पत्र्याच्या घमेल्यात पेट्रोल नाहीतर डिझेल, मिळालं तर रॉकेल, आणि कोपरापर्यंत हात आत. संध्याकाळी काळं ऑईल निघत नाही, मग पुन्हा पेट्रोलनेच हात धुवायचे. वर कपड्याची पावडर आणि मूठभर रेती घालून घासायचं. कातडी गोरी होईस्तोवर घासायचं. म्हणजे डॉक्टरसाहेब, आम्ही स्वच्छता ठेवली. तीच आम्हाला नडली.

कारण कातडीचं गणित साधं आहे. कातडीवर तेलकट पदर असतो, तो बाहेरचं विष अडवतो. पेट्रोल, डिझेल, थिनर तो पदर विरघळवून टाकतात. मग हात कोरडे पडतात, बोटांच्या पेरांवर भेगा जातात, रक्त येतं. त्या भेगांतून धातूचे क्षार, रबरातली रसायनं, बॉडी भरायच्या पुट्टीतलं हार्डनर आत शिरतं. एकदा का शरीर त्यावर उखडलं, की पुढं चिमूटभर लागलं तरी दोन्ही हात फुलतात, आणि ही खोड बहुधा जन्मभर जात नाही. ह्याला इसब म्हणतात. तो नायट्यासारखा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शिवाय मांड्यांवर आणि दंडावर काळे फोड येतात. ऑईलनं भिजलेली पँट अंगाला चिकटून केसांची मुळं बुजतात, त्याचे ते फोड. ह्यात घाणेरड्या सवयी कुठं आल्या? धंदा आला!

आणि ते मलम. तीन दिवसांत खाज थांबली, मी खूष. संपलं की दुकानातून तसंच दुसरं घ्यायचो, चिठ्ठीबिठ्ठी कोण मागतो. वर्षभरात कातडी कांद्याच्या पातीसारखी पातळ झाली. मागाहून कळलं, त्यात स्टिरॉइड होतं. केंद्र सरकारनं २०१८ साली असली मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी दिल्लीत झाली, दुकान हायवेवर आहे.

आमच्या धंद्यात जात विचारत नाहीत, असं आपले काही पुढारी कौतुकानं सांगतात. खरं आहे. हात बघतात. समोरच्या टपरीवर गिऱ्हाईकाला काचेचा ग्लास आणि मला कागदी कप. मी विचारलं, का रे दादा? म्हणाला, ‘तुझ्या हाताला काय ते आहे ना, लोकं बघतात.’ पूर्वी जातीमुळं कप वेगळा होता, आता इसबामुळं. मी तो चहा ओतून दिला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच गेलो. तलफ कुणाला सुटते?

आता आपल्याच घरात बोलतो, राग मानू नका. आपल्या पोस्टरवर मूठ असते. दणकट, गुळगुळीत मूठ. माझी मूठ वळत नाही. पावसाळ्यात वळली तर पेरं फाटतात. दहा वर्षं मोर्च्यांना येतोय, पण कामगाराच्या कातडीवर एक ठराव झालेला मी ऐकला नाही. काळ्या हातांवर कविता मात्र ढीगभर. कविता लिहा, पण लिहिणाऱ्यानं एकदा आमचा हात हातात घेऊन बघावा.

जगाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यवैद्यानं दाखवून दिलं, की धुरांडी झाडणाऱ्यांना वृषणाच्या कातडीचा कॅन्सर होतो तो काजळीमुळं. ती धुरांडी चढायला गरिबांची लहान पोरंच ठेवत. पुढं लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मशीनच्या तेलानं कामगारांना तोच कॅन्सर झाला, आणि १९५३ साली तिथं तेलावर नियम आले. नीट शुद्ध न केलेली खनिज तेलं माणसाला कॅन्सर करतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं पहिल्या गटात घालून ठेवलंय. इंजिनात जळलेलं ऑईल त्याहून वाईट, जळताना त्यात नवं विष तयार होतं. म्हणून पोरांनो, ऑईलची चिंधी पँटच्या खिशात ठेवू नका. आजच काढा.

कायदा? आहे की. १९४८ च्या कारखाने कायद्यात हात धुवायच्या सोयीचं कलम होतं, पण यंत्रावर दहा माणसं असतील तरच तो कारखाना. २०२० च्या संहितेनं ती रेघ वीसवर नेली. आमच्या गॅरेजात आम्ही चौघं. ह्याच हायवेवर पुढं महाड आहे. तिथं १९२७ साली पाण्याला हात लावायला हजारो माणसं चालून गेली. आणि आज साबण-पाण्याच्या हक्कासाठी डोकी मोजून दाखवा म्हणतात!

भरपाईचा १९२३ चा कायदा मात्र डोकी मोजत नव्हता. मोटारगाडी दुरुस्त करणारा त्यात बसत होता, आणि खनिज तेलाचा कातडीचा कॅन्सर व रसायनानं झालेले कातडीचे रोग त्याच्या परिशिष्टात होते. तीच यादी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत उतरली. पण रोग धंद्यामुळं झाला हे दिसायला हवं, सलग नोकरी दिसायला हवी. आमचा हजेरीचा कागद नाही. पगार खिशातून खिशात.

तेव्हा वाकणपासून कोलाडपर्यंतच्या गॅरेजवाल्या पोरांनी आधी एवढं मागावं : हजेरीची वही, साबण आणि पाण्याचा ड्रम, नायट्रिलचे हातमोजे. साधे रबराचे नकोत, ते तेलात फुगतात. पेट्रोलनं हात धुणं बंद. रात्री हाताला व्हॅसलीन. मालक म्हणेल परवडत नाही. त्याचेही हात बघा, बहुतेक तोही गाडीखालूनच वर आलाय.

आणि मी त्या डॉक्टरांकडे परत जाणार आहे. केसपेपरवरचा ‘नायटा’ खोडा आणि ‘धंद्यामुळे’ एवढा एक शब्द लिहा म्हणून बसणार आहे. लिहीपर्यंत उठणार नाही. ज्यांना यायचंय त्यांनी सोमवारी सकाळी नऊ वाजता खांबच्या स्टँडवर या. हात न धुता आलात तरी चालेल.