सासूबाईंच्या डब्यातली अर्धी गोळी

मंडणगड तालुक्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे मुलगा मुंबईला आणि पोटुशी सून गावाला. सातवा महिना लागला की ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहते. पायात गोळे येतात, छातीत जळजळतं, तासातासाला उठावं लागतं, आणि वर बाळंतपणाची धास्ती. डोळ्याला डोळा लागत नाही. मग घरातलं कुणीतरी मायेनंच म्हणतं, "बाय, माझ्यातली अर्धी गोळी घे, झोप लागेल."

ती गोळी म्हणजे बहुधा अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम. डॉक्टरांनी कधीतरी सासूबाईंना लिहून दिलेली, डब्यात साखरेच्या गोळ्यांशेजारी पडलेली. ती अर्धी गोळी सुनेला देऊ नका, आणि सुनेनं ती घेऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आईनं घेतलेलं हे औषध वारेतून बाळाच्या रक्तात उतरतं. बाळाचं यकृत कच्चं असतं, त्याला ते लवकर बाहेर टाकता येत नाही. दिवस भरत आले असताना अशा गोळ्या चालू असतील, तर जन्मलेलं बाळ कधीकधी लुळं पडतं, नीट रडत नाही, अंगावर ओढत नाही. त्याचा श्वास मंदावतो, अंग गार पडतं. आईची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर नाळ तुटल्यावर बाळाचं औषध एकाएकी बंद होतं. मग ते थरथरतं, किंचाळून रडतं, झोपत नाही. घरची माणसं दृष्ट काढत बसतात आणि मोलाचे तास निघून जातात. आपल्याकडून रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब आहे, हे विसरू नका.

गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत घेतलेल्या औषधाची जगानं एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध निर्धोक म्हणून विकायला आलं. गरोदर बायकांनी ते उलट्यांवरही घेतलं. १९६१च्या नोव्हेंबरात तिथे ते मागे घेतलं, पण त्याच्यामुळे अनेक देशांत मिळून दहा हजारांच्या आसपास मुलं आखूड किंवा अर्धवट हातपाय घेऊन जन्मली. गर्भ राहिल्यावर तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यातलं औषध नडलं होतं. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं ठाऊकही नसतं.

वर सांगितलेल्या गोळ्या थॅलिडोमाइडसारख्या नाहीत, हेही तेवढंच खरं. दिवस गेल्याचं कळण्याआधी एखादी पोटात गेली असेल, तर घाबरून गर्भ पाडण्याचा विचार मनात आणू नका. डॉक्टरांना सांगा, सोनोग्राफी वेळेवर करा.

आणि ज्या ताईला ही गोळी आधीपासून रोज चालू आहे, तिनं हे वाचून ती एकदम बंद करू नये. अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात. डॉक्टर हळूहळू कमी करून देतील किंवा दुसरा उपाय काढतील. फिट्‌सची गोळी तर मनानं मुळीच सोडायची नाही. आईला फिट आली तर बाळाच्याही जिवाला धोका असतो.

झोप का येत नाही, हे आधी पाहायला हवं. जेवण लवकर करा, दुपारनंतर चहा टाळा, डाव्या कुशीवर गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपा. पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर रक्त तपासून घ्या, लोह कमी असू शकतं. पण मन सारखं भरून येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो आजार आहे, आणि त्यावर गरोदरपणातही उपचार होतात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट असतो, मराठीत बोलता येतं.

औषध दुकानदारांनाही एक विनंती. अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, आणि २०१४पासून त्यांची नोंद वहीत ठेवावी लागते. ओळखीच्या घरचं माणूस आलं तरी ही वही उघडाच.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, रिकामी असली तरी. नाव त्यांच्यावरच छापलेलं असतं. आणि कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात पाऊल टाकताच नर्सताईंना सांगा, झोपेची शेवटची गोळी कधी घेतली होती. त्या रागावतील या भीतीनं लपवू नका. बाळाच्या श्वासाची तयारी त्यांना आधीच करून ठेवता येईल.