वटवाघळांचे झाड नोंदवहीत आणा

गावाबाहेरच्या जुन्या वडाला किंवा चिंचेला वटवाघळे लटकलेली दिसली, की कुणीतरी म्हणतोच, 'झाड अपशकुनी आहे, पाडून टाका.' मग फटाके फुटतात, बुडाशी पाचोळा पेटवून धूर केला जातो. आमच्या मते यात गावाचाच तोटा आहे.

द्राक्ष, पेरू, चिकूचे बागाईतदार हे वाचून चिडतील. त्यांचं दुखणं खोटं नाही. चार फूट पंखांचे मोठे वटवाघूळ पिकल्या फळावर आले, की नासाडी ठरलेली. म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत 'उपद्रवी' म्हणून बसवले होते. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली व १ एप्रिल २०२३ पासून हा बदल लागू झाला. तेव्हा 'मारलं तरी कोण विचारतंय' हा समज बागाईतदारांनी सोडावा. बागेवर जाळी जरूर टाकावी, पण घट्ट ताणून. सैल लोंबत्या जाळीत वटवाघळे अडकून मरतात आणि फळही वाचत नाही.

हेच जनावर वड, उंबर, जांभळाचे बी कोसभर लांब नेऊन टाकते. मोहाची फुले रात्री उमलतात, त्यांचे परागीभवनही ते करते.

धाकट्या पाकोळ्या तर फळाला शिवतही नाहीत. बारवेत, पडक्या वाड्याच्या आढ्याला राहतात आणि रात्रभर किडे खातात. बोंडअळी ही रात्री उडणाऱ्या पतंगाचीच पोर. अमेरिकेत टेक्सासच्या आठ कापूसपट्टा तालुक्यांत (तिकडे त्यांना काउंटी म्हणतात) पाकोळ्यांमुळे शेतकऱ्यांचे वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर वाचतात, असा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. फवारणीचे बिल भरणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. शिवाय यांची मादी वर्षाला बहुधा एकदोनच पिल्ले देते. एकदा थवा उठवला, की तो भरून यायला वर्षे जातात.

रोगाची भीती मात्र अगदीच वेडगळ नाही. २०१८ साली केरळात निपाहने माणसे दगावली. तेव्हा उष्टे फळ खाऊ नये, ताडी-नीरेचे मडके झाकावे, खाली पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने धरू नये. एवढे पाळले तर झाड पाडण्याची गरज नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ती दप्तरात बांधून ठेवण्यासाठी नाही. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी वटवाघळांचे झाड आणि पाकोळ्यांची बारव तीत नावानिशी लिहावी, म्हणजे रस्ता रुंदीकरणाच्या वेळी निदान विचारायला कागद राहील. आणि बारवेवर स्लॅब टाकण्याआधी एका संध्याकाळी, दिवेलागणीला तिच्या काठावर उभे राहावे. आत पाकोळ्या असतील तर त्या डोळ्यांसमोरच बाहेर पडतील.