शब्दयात्रा : पेटी, छाती आणि ‘चेस्ट’

व्यापारी घरात ‘चेस्ट’ हा इंग्रजी शब्द एकाच दिवशी दोन वाटांनी येऊ शकतो. बँकेतून परतलेला मुलगा सांगतो की करन्सी चेस्टमधून नव्या नोटा अजून आलेल्या नाहीत; आणि त्याच वेळी वडिलांच्या एक्स-रेच्या पाकिटावरही ‘चेस्ट’ असे लिहिलेले असते. एक तिजोरी, दुसरी छाती. शब्द मात्र एकच, आणि तो मूळचा पेटीचा.

ग्रीक भाषेत ‘किस्टे’ म्हणजे टोपली अथवा पेटी. लॅटिनमध्ये तिची ‘सिस्टा’ झाली आणि तेथून ती जुन्या इंग्रजीत गेली. कित्येक शतके चेस्ट म्हणजे झाकणाची भक्कम पेटी एवढेच समजले जाई. सोळाव्या शतकात बरगड्यांच्या आत हृदय आणि फुप्फुसे सांभाळणाऱ्या पोकळीला इंग्रजांनी हेच नाव दिले. मराठीने तेथे पिंजरा पाहिला, इंग्रजीने पेटी. तोपर्यंत स्त्री-पुरुष दोघांच्याही छातीला ‘ब्रेस्ट’ म्हणत. पुढे त्या शब्दाचा अर्थ बराचसा स्त्रीच्या स्तनापुरता आकसला. तरीही उरोस्थीला आज ब्रेस्टबोनच म्हणतात, आणि पोहण्याच्या एका प्रकाराला ब्रेस्टस्ट्रोक.

व्यापाराच्या इतिहासात ही पेटी माप म्हणूनही वावरली. 16 डिसेंबर 1773 रोजी अमेरिकेतील बॉस्टन बंदरात समुद्रात फेकलेल्या चहाच्या 342 चेस्ट होत्या. माळव्याची अफू मुंबईहून चीनकडे जाई, तीही चेस्टच्याच हिशेबाने. 1839 मध्ये चिनी अधिकारी लिन झेशू यांनी अफूच्या वीस हजारांहून अधिक चेस्ट ताब्यात घेऊन नष्ट केल्या. मुंबईच्या भरभराटीत या पेट्यांचाही वाटा होता, हे नाकारता येत नाही.

विद्यार्थ्यांची फसगत होते ती देवनागरीत. ‘चेस्ट’ असे लिहिले की छाती, ‘शीलवान’ या अर्थाचा चेस्ट आणि ‘पाठलाग केला’ या अर्थाचा चेस्ट हे तिन्ही एकरूप दिसतात. इंग्रजीत छातीच्या शब्दातला स्वर आखूड आहे, उरलेल्या दोहोंतला लांबट. त्या दोहोंचा उच्चार सारखाच, स्पेलिंग तेवढे निराळे. शीलवान चेस्ट आला तो लॅटिन ‘कास्टस’पासून, म्हणजे शुद्ध. चेस्टनट या फळाचा तर ना पेटीशी संबंध, ना छातीशी. ग्रीक ‘कास्तानेया’चे ते झिजलेले रूप. उपवासाच्या शिंगाड्याला इंग्रजीत वॉटर चेस्टनट म्हणतात, ते याच फळाच्या नावावरून. शेवटच्या टीऐवजी एस लिहिला की चेस म्हणजे बुद्धिबळ होते. तो शब्द फारसी ‘शाह’चा वंशज. मराठीतला शहही तिथलाच, आणि व्यापाऱ्याचा चेकही त्याच घराण्यातला : आधी राजाला दिलेला शह, मग रोखणे, मग पडताळणे आणि अखेर पैशाची चिठ्ठी.

शब्दांच्या अशा गोंधळात परीक्षेचे गुण जातात. दवाखान्यात त्याहून अधिक काही जाऊ शकते. ‘हार्टबर्न’मध्ये हार्ट आहे, पण ती जळजळ जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर चढल्याने होते. उलट हृदयाचे दुखणे पुष्कळदा ‘दुखणे’ नसतेच. 1768 मध्ये लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी त्याचे वर्णन केले आणि ‘अँजायना पेक्टोरिस’ असे नाव दिले. ‘पेक्टस’ म्हणजे छाती. अँजायना या शब्दातून मात्र वेदनेपेक्षा गळा आवळल्याची जाणीव व्यक्त होते. डॉक्टर विचारतात, “चेस्ट पेन आहे का?” गादीवरून उठून आलेले शेठजी “नाही” म्हणतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यांना दुखत नसते. ओझे ठेवल्यासारखे, आवळल्यासारखे, जिना चढताना दम कोंडल्यासारखे वाटत असते, कधी डाव्या हातात वा जबड्यातही. घरात त्याला गॅस ठरवून ओवा दिला जातो. अशा वेळी इंग्रजी शब्द शोधत बसण्याचे कारण नाही. “छातीवर दडपण येते, चालले की वाढते, थांबले की कमी होते,” एवढे मराठीत सांगितले तरी डॉक्टरांना पुष्कळ कळते. आणि थांबूनही ते कमी झाले नाही, तर सांगण्यासाठी सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.