मोठी स्कूटर आणि गव्हाचं पोतं

मेहकर मागे पडलं होतं, मगरीबची वेळ टळली होती आणि डोणगावच्या अलीकडे आमच्या स्कूटरचं इंजिन नुसतं ओरडू लागलं. ॲक्सिलेटर पिळावा तर आवाज वाढे, चाक मात्र फिरेना. मागे लेक बसलेली, पायाशी आपाने दिलेल्या डब्यांची पिशवी. रस्त्याच्या कडेला आम्ही पाऊण तास उभे होतो. शेवटी एका टेम्पोवाल्याने स्कूटर वर चढवून मालेगावपर्यंत आणून सोडली. त्या भल्या माणसाने भाडंही घेतलं नाही.

चूक आमचीच होती. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनाचा जोर मागच्या चाकाला एका रबरी पट्ट्यातून मिळतो. तो साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलायचा असतो. आमचं मीटर एकतीस हजारांवर गेलं होतं. मुलांना गृहपाठ वेळेवर करायला सांगणारे आम्ही!

आपाच्या ऑपरेशननंतर औरंगाबादला महिन्यातून एक फेरी ठरलेली. जुन्या रस्त्याने मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना असं करत सुमारे अडीचशे किलोमीटर. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर निघायचं, रविवारी रात्री घरी. एसटीची वेळ या हिशेबात बसत नाही. बाहेरचे लोक म्हणतात, ‘सर, समृद्धी तर तुमच्या दारातून जाते.’ जाते खरी. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईच्या वेशीला भिडला. शेलूबाजारला चढ-उताराची सोयही आहे. पण दुचाकीला त्यावर मनाई. ताशी १२० च्या वेगाने धावणाऱ्या गाड्यांत स्कूटर नको, हे आम्हालाही पटतं. तेव्हा आमच्या नशिबी जुना रस्ताच.

मग घरात विषय निघाला मोठ्या स्कूटरचा. खरं सांगायचं तर तो आमच्याच डोक्यातून निघाला. अब्बांकडे बजाजची चेतक होती. बजाजने ती १९७२ साली आणली, त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. डाव्या मुठीत गिअर, उजव्या कुशीत इंजिन, वर जादा चाक सोबत. पंक्चर झालं तर अब्बा दहा मिनिटांत चाक बदलत. म्हैसूरचे एक गृहस्थ २०१८ पासून वडिलांनी दिलेल्या अशाच चेतकवर आईला मागे बसवून देशभर फिरले, हे आम्ही घरात दोनदा सांगितलं. अम्मी म्हणाल्या, ‘त्याच्या आईचे गुडघे चांगले असतील.’

अकोल्याला जाऊन गाड्या पाहिल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेवढाच दिलासा. आमचा डोळा यामाहाच्या एरॉक्सवर. १५५ सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, १४ इंची चाकं. चाकाचं महत्त्व आमच्या रस्त्यावरच्या माणसाला सांगायला नको. दहा इंची चाक ज्या खड्ड्यात आत जाऊन आदळतं, तो खड्डा चौदा इंची चाक बरंचसं वरच्या वर ओलांडतं. शिवाय साठ-पासष्टच्या वेगावर लहान इंजिन धापा टाकतं, मोठं निवांत चालतं. समोरून ट्रक आला की ओव्हरटेक आटोपायला हाताशी जोर उरतो.

मुलांच्या अम्मीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘पाय ठेवायच्या जागी हा उंचवटा कसला?’

‘टाकी आहे भाभी,’ मुलगा म्हणाला.

‘मग गव्हाचं पोतं कुठे ठेवायचं? आणि अम्मींनी दवाखान्यात जायला टांग कुठून टाकायची?’

पोतं पुढे ठेवतात आणि अम्मी मागे बसतात, हे आम्ही लक्षात आणून दिलं. पण मागची सीटही उंचच होती, म्हणून गप्प बसलो. रस्त्यावर येईपर्यंत ती दीड लाखाच्या पुढे जाणार होती. व्याजाचा हप्ता आमच्या घरात चालत नाही. भिशीचा नंबर लागला होता, पण त्याच पैशांकडे लेकीच्या नीटच्या क्लासची फीही डोळे लावून बसलेली. लेक म्हणाली, ‘अब्बू, मी घरीच अभ्यास करीन.’ हे वाक्य तिने ज्या आवाजात म्हटलं, त्यानंतर एरॉक्सचा विषय आम्ही काढला नाही.

शेवटी सुझुकीची बर्गमन घेतली. युरोपात या नावाची ४०० सीसीची गाडी लांबच्या सफरीला वापरतात. आमची १२५ ची. जोर जुन्या ११० पेक्षा थोडाच जास्त, ते काही लपवत नाही. पण वरच्या प्रकारात दोन्ही चाकं १२ इंची मिळतात, बसायला ऐसपैस, आणि पायाखाली सपाट जागा. पोतं मावतं. फीचा पहिला हप्ताही भरून झाला.

अटी मात्र घातल्या गेल्या. मगरीबनंतर रस्त्यावर राहायचं नाही, उशीर झाला तर आपाकडेच मुक्काम आणि सोमवारी रजा. दर साठ किलोमीटरला थांबायचं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट, ते डोक्यावर, हातात नव्हे. आणि डिकीत एक नवा पट्टा कायम. ही शेवटची अट आमच्या मिस्त्रीची. तो म्हणाला, ‘सर, वाटेतल्या कोणत्याही गावात पाना मिळेल, पट्टा मिळेलच असं नाही.’

गेल्या शनिवारी पहिली फेरी झाली. जालन्याला पोहोचेतो कंबर दुखलीच, म्हणजे त्यात गाडीपेक्षा वयाचा वाटा जास्त. आपाने दारातच गाडीकडे पाहून विचारलं, ‘मोठी घेणार होतास ना?’