भिंतीवरचं मराठी

नव्या गावी गेलं की पहिला दिवस मी देवळं आणि बाजार यांच्यासाठी राखून ठेवते. देवळात गाव कसं होतं ते कळतं आणि बाजारात गाव कसं आहे ते. ह्यांना हे पटत नाही. त्यांना पहिल्याच दिवशी 'पाहण्यासारखी दहा ठिकाणं' उरकायची असतात. पण तंजावरच्या प्रवासात सासूबाई माझ्या बाजूने होत्या, त्यामुळे बहुमत आमचं झालं.

खरं सांगायचं तर पुण्याहून निघताना घरातली हवा फारशी बरी नव्हती. लेकीने अकरावीला मराठी सोडून जर्मन घेतली होती. "जर्मनमध्ये मार्क मिळतात," एवढंच तिचं म्हणणं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या सासूबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. काचबिंदूमुळे त्यांना आता अक्षर दिसत नाही. रोज रात्री नात त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. ते मात्र बंद पडलं. कोणी बंद केलं, हे दोघीही सांगत नव्हत्या.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे तंजावरला उतरलो आणि स्नानं आटपून थेट बृहदीश्वराच्या देवळात गेलो. इथे त्याला 'पेरिय कोविल' म्हणतात. पेरिय म्हणजे मोठं, कोविल म्हणजे देऊळ. राजराज चोळ राजाने बांधलेलं हे देऊळ १०१० साली पूर्ण झालं. कळसापर्यंतची उंची सुमारे दोनशे फूट, आणि सगळं बांधकाम ग्रॅनाइटचं. आजूबाजूला पाहावं तर कावेरीची सपाट भातशेतं. एवढा दगड बाहेरून आणला, चढवला, घडवला, हे मनात आलं की मान आपोआप वर जाते आणि वरच राहते. समोर एकाच दगडातला, सुमारे बारा फूट उंचीचा नंदी. त्याच्यापुढे सासूबाईंनी हात जोडले तेव्हा त्या पहिलीतल्या मुलीएवढ्या दिसल्या.

"या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही," असं शेजारच्या घोळक्यातला वाटाड्या सांगत होता. आमची लेक लगेच देवळाच्या पश्चिमेला गेली आणि भल्यामोठ्या सावलीत उभी राहून हात हलवू लागली. आजीला हसू आलं, पण नातीने पाहताच ते आवरलं.

देवळाच्या भिंती म्हणजे दगडाची दप्तरंच. देवळाला कोणी काय दिलं, कोणाला किती धान्य मिळायचं, सगळं तमिळमध्ये कोरलेलं. देवळाच्या सेवेतल्या चारशे नर्तकींची नावं आणि त्यांना दिलेली घरंसुद्धा त्यात आहेत. राजाचं नाव कोरतात यात नवल नाही, पण नाचणाऱ्या बाईचं नाव हजार वर्षं टिकावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणि मग नैर्ऋत्येकडच्या ओवरीच्या भिंतीवर अचानक ओळखीची अक्षरं दिसली. देवनागरी! १८०३ सालच्या डिसेंबरात सरफोजी राजांनी इथे भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो चिटणीस बाबूराव यांनी लिहिला. सासूबाईंनी भिंतीवर तळहात ठेवला. "काय लिहिलंय गं?" त्यांनी विचारलं. प्रश्न कोणाला होता ते सगळ्यांना कळलं. "खूप आहे आजी, नंतर," लेक म्हणाली आणि फोटो काढायला पुढे गेली. मी वाचायला पुढे झाले, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे."

दुपारी देऊळ बंद होतं. केळीच्या पानावर जेवताना ह्यांनी सांबाराची गोष्ट सांगितली. तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, म्हणून आमटीत चिंच घातली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावाने तिला सांबार म्हटलं. गोष्ट चविष्ट आहे, पुरावा मात्र कोणी दाखवत नाही. पण ज्यांना पुरावा आहे, अशा गोष्टी काही कमी नाहीत. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात इथे राज्य स्थापलं. १८५५ साली शेवटचे राजे वारले, वारस मुलगा नव्हता, आणि इंग्रजांनी ते गिळलं. मधली पावणेदोनशे-एकशे ऐंशी वर्षं या तमिळ गावात मराठी ही दरबारची भाषा होती.

राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हे डोळ्यांनी दिसतं. तिथे तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं आहेत. आपण मराठी रंगभूमीची सुरुवात विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधल्या सांगलीच्या प्रयोगापासून धरतो, पण व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी त्याच्या दीडशे वर्षं आधी इथे मराठी नाटकं लिहिली. सरफोजींनी जगाचा भूगोल मराठी नाटकात घातला, छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. त्यांना डोळ्यांच्या आजारांचंही ज्ञान होतं. रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून केलेल्या उपचारांच्या नोंदी अजून जपलेल्या आहेत. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मी दोनशे वर्षं आधी यायला हवं होतं."

उन्हं कलायच्या आत बाजार गाठला. राजवाड्याभोवतीच्या रस्त्यांवर चांदी-तांब्याची नक्षी चढवलेल्या पितळी थाळ्या, फणसाच्या फळीवर सोन्याचा वर्ख आणि खडे लावून केलेली देवांची चित्रं आणि मान डोलावणाऱ्या बाहुल्या मांडलेल्या होत्या. फणसाच्याच लाकडाच्या वीणा हे इथलं आणखी एक वैभव. आम्ही घेतली ती साधी, बुडाला जड असलेली बाहुली. कशीही आडवी पाडा, डुलत डुलत उभी राहते. पुढे फुलवाल्या बसल्या होत्या. इथे मोगरा 'मुळम्'वर मिळतो. मुळम् म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप, आपला हातच की! गंमत अशी की फुलवालीचा हात आखूड असला तर गजराही आखूड. यावर मी आणि सासूबाई मराठीत कुजबुजत होतो, तर मागून आवाज आला, "तुम्ही मराठी?"

सत्तरीच्या आसपासच्या एक बाई. तमिळ धाटणीचं नेसणं, नाकात दोन्हीकडे चमकी. पुढचं वाक्य त्या जे बोलल्या, ते मला निम्मंच कळलं. शब्द आपले, हेल तमिळ, आणि क्रियापदं कुठल्यातरी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी. आणि वाचकहो, मी हसले. वाईट हेतू नव्हता, पण हसले. त्या बाई थबकल्या. "आमचं मराठी मोडकं," त्या ओशाळून म्हणाल्या.

"मोडकं नाही, जुनं आहे," सासूबाई पटकन म्हणाल्या. "मोडकं आमचं झालंय." त्या वेळी कोणी माझा चेहरा पाहिला नाही, हे बरं झालं.

घर जवळच होतं. 'नको नको' म्हणेपर्यंत आम्ही त्यांच्या झोपाळ्यावर बसलेलो होतो आणि हातात फिल्टर कॉफी होती. त्यांनी आतून एक वाटी आणली आणि म्हणाल्या, "डांगर." उडदाचं पीठ, दही, वर फोडणी. सासूबाईंनी चाखलं आणि डोळे मिटले. त्यांच्या आईनंतर घरात कोणी डांगर केलं नव्हतं, मीही नाही. मामी (इथे सगळ्यांना मामीच म्हणायचं) सांगत होत्या. शाळा तमिळमध्ये झाली, नोकरी तमिळमध्ये, सुना तमिळ बोलणाऱ्या. मराठी उरलं ते स्वयंपाकघरात. आईशी बोलायचं ते मराठी, म्हणून राहिलं. मग त्यांनी एक वही दाखवली. आईकडून शिकलेली गाणी आणि पाककृती, सगळं मराठी, पण लिपी तमिळ. देवनागरी त्यांना कधी कोणी शिकवलीच नव्हती.

"मग देवळातल्या भिंतीवरचं?" माझ्या लेकीने विचारलं.

"रोज बघते. कधी वाचलं नाही," मामी म्हणाल्या.

लेक गप्प झाली. संध्याकाळी देऊळ उघडल्यावर आम्ही सगळे परत गेलो, मामीही आल्या. सकाळी करडा दिसणारा दगड आता मधासारखा झाला होता. लेकीने सकाळचं ओवरीचं ठिकाण शोधून काढलं, दोन्ही म्हाताऱ्यांना समोर बसवलं आणि भिंतीवर बोट न लावता एकेक अक्षर जुळवू लागली. जुनं वळण, काही जागी झिजलेलं, सगळं लागत नव्हतं. 'शहाजी' लागलं, 'एकोजी' लागलं. अडलेल्या शब्दाचा अर्थ सासूबाई सांगायच्या, आणि एक-दोनदा त्यांनाही अडलं तेव्हा मामी म्हणाल्या, "असं आम्ही अजून बोलतो."

मी मागे उभी राहून पाहत होते. एकीला वाचता येत होतं पण गोडी नव्हती, एकीला गोडी होती पण दिसत नव्हतं, आणि एकीने ती भाषा घरात जिवंत ठेवली होती, पण तिला अक्षर ठाऊक नव्हतं. तिघी मिळून एक ओळ पुरी करत होत्या.

निघताना सासूबाईंनी विचारलं, "मूळचे तुम्ही कुठले? सातारकडचे?" मामी हसल्या. "आम्ही इथलेच," त्या म्हणाल्या. आपल्या माणसांचा शोध घ्यायला गेलेल्या मला ते उत्तर क्षणभर बोचलं. मग वाटलं, बरोबरच आहे. साडेतीनशे वर्षं ज्या मातीत गेली, तिथलंच व्हायचं आणि तरी डांगराला डांगरच म्हणायचं, हे सोपं नाही.

तंजावरला जाल तर मोठ्या देवळात सकाळी लवकर जा, नंतर अनवाणी पाय भाजतात. आणि नैर्ऋत्येच्या ओवरीसाठी अर्धा तास ठेवा. घरातलं एखादं वाचणारं मूल आणि एखादं ऐकणारं म्हातारं माणूस बरोबर असलं तर अधिक बरं.

लेकीचं जर्मन चालूच आहे. त्याबद्दल आता कोणाची तक्रार नाही. पण मामींनी तिला आपलं नाव मराठी अक्षरांत लिहून मागितलं होतं. तिने घरी येऊन नुसतं नाव नाही, अख्खी बाराखडी मोठ्या अक्षरात काढून पोस्टाने धाडली. त्याच रात्री वर्तमानपत्र वाचल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात उडदाचं पीठ भिजवत होते. मुद्दामच बाहेर गेले नाही.