पोचपावती

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, ऑफिस. पण या वेळी ऑफिसातल्याच एका गोष्टीने डोक्यात भुंगा सोडलाय, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. विषय जरा तांत्रिक आहे, पण नातेवाईक मंडळींनी लगेच खिडकी बंद करू नये. पोस्टमन आणि सोसायटीचा वॉचमन यांच्या फार पलीकडे मी जाणार नाही. (सासूबाईंनी एकदा शेजारच्या काकूंना सांगितलं होतं की, "ही अमेरिकेतले बंद पडलेले कॉम्प्युटर फोनवरून दुरुस्त करते." तेवढं माहीत असलं तरी पुरे!)

मी काम करते ते एएस फोर हंड्रेड नावाच्या मशीनवर. आयबीएमने २१ जून १९८८ ला ते जाहीर केलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी त्याचा जन्म. टेबलावर मावणाऱ्या कॉम्प्युटरपेक्षा मोठं आणि खोलीभर पसरणाऱ्या मेनफ्रेमपेक्षा लहान, म्हणून या जातीला मिडरेंज म्हणतात. पुढे २००० साली त्याचं आयसिरीज झालं, २००६ साली सिस्टिम आय, आणि २००८ पासून आयबीएम आय. सासरी नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावाने हाक मारतात, तसे आम्ही सगळे अजून एएस फोर हंड्रेडच म्हणतो. कारखाने, गोदामं, बँका, विमा कंपन्या यांचे हिशेब त्यावर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात. पुण्या-मुंबईतल्या माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं पोट परदेशातल्या अशा मशीनची देखभाल करण्यावर चालतं.

आता मुद्दा. हे मशीन रात्री हिशेब करतं आणि मग आपणहून मेल पाठवतं. माणूस कुठेच नाही. प्रोग्रॅम ठरतो, वेळ ठरते, यादी ठरते आणि मेल जातात. जातात की नाही हे तपासणं हे माझ्या कामाचा बराच मोठा भाग आहे. आणि इतक्या वर्षांनंतर माझं ठाम मत झालंय की, "मेल गेला का?" हा प्रश्नच चुकीचा आहे.

का, ते सांगते.

आमचं एक ग्राहक आहे. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातली, इस्पितळांना सामान पुरवणारी कंपनी. हातमोजे, सुया, नळ्या, पट्ट्या असला माल. रोज रात्री अकराला त्यांचं मशीन गोदामातला साठा बघतं, काय कमी पडतंय ते काढतं आणि चाळीसेक पुरवठादारांना मागणीचे मेल पाठवतं. तिकडचे रात्रीचे अकरा म्हणजे इकडे सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. आमच्याकडचा ऑपरेटर त्या वेळी स्क्रीनवर बघतो आणि रोजच्या तक्त्यात खूण करतो: "मेल गेले - होय." दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेला, नगरकडचा मुलगा. बोलायला कमी, कामाला चोख.

एक दिवस तिकडून कळलं की लहान मुलांच्या वॉर्डात लागणाऱ्या एका मापाच्या नळ्या गोदामात संपल्यात. पुरवठादाराला विचारलं तर तो म्हणतो, आम्हाला दीड आठवडा तुमची मागणीच आलेली नाही. तिकडच्या मॅनेजरने आमचा तक्ता उघडला. अकराच्या अकरा दिवस "होय". झालं! त्याने सतरा जणांना मेल केला की, पुण्याचे ऑपरेटर न बघता खुणा करतात, आणि या माणसाला आमच्या कामावरून काढा.

शोधायचं काम माझ्याकडे आलं.

अशा वेळी मी साखळीच्या एका टोकापासून सुरुवात करते. आधी जॉब लॉग, म्हणजे मशीनची दैनंदिनी. प्रोग्रॅम नीट संपला होता. मग एसएमटीपी सर्व्हर, म्हणजे मशीनमधला पोस्टमन, जागा आहे का ते बघायचं. होता. मग मेल सोपवणारे क्यूएमएसएफ नावाचे जॉब अडकलेत का. नव्हते. पाठवणाऱ्याचं नाव मशीनच्या डिरेक्टरीत आहे का, कारण तिथे नाव नसलेल्याचा मेल हे मशीन घेतच नाही. होतं. शेवटी क्यूझेडएमएफ नावाचं जर्नल. सेटिंग चालू ठेवलं असेल तर प्रत्येक मेलचं पुढे काय झालं याची नोंद त्यात मिळते. नशिबाने चालू होतं. त्यात स्वच्छ लिहिलेलं: मेल पुढच्या सर्व्हरला दिला, त्याने घेतला.

मग मी स्वतःला एक मेल पाठवून बघितला. लगेच आला. इथेच बरेच जण "आमच्याकडे तर चालतंय बुवा" म्हणून फाइल बंद करतात. पण घरातल्या घरात पाठवलेली चिठ्ठी पोचली म्हणून पोस्टखातं ठीक चाललंय असं कसं म्हणणार? कंपनीच्या आतला मेल कंपनीच्या दारातून बाहेर जातच नाही. बाहेरचं दार तपासायचं तर बाहेरच्याच माणसाला विचारायला हवं.

म्हणून पुरवठादाराला फोन लावला. (हो, फोन. हे अजून चालतं!) त्यांच्या मेल सांभाळणाऱ्या बाईंनी शोधून सांगितलं की, तुमचे मेल येतात पण आमचा सर्व्हर ते दारातूनच परत पाठवतो. कारण? तुमच्याच कंपनीने तसं सांगून ठेवलंय.

हे समजायला वॉचमन हवा. समजा, सोसायटीच्या नावाने कोणीही भामटा पावत्या फाडू लागला म्हणून सोसायटीने एक यादी जाहीर केली: आमच्या नावाने येणारी माणसं एवढीच. मेलच्या जगात या यादीला एसपीएफ म्हणतात. आणि यादीत नसलेला आला तर काय करायचं, बघून सोडायचं, बाजूला बसवायचं की हाकलायचं, ही सूचना म्हणजे डीमार्क. आमच्या ग्राहकाने आपले मेल क्लाउडवर हलवले, यादी नव्याने लिहिली आणि सूचना केली, "हाकला." पण एएस फोर हंड्रेडचे मेल अजून जुन्याच सर्व्हरवरून बाहेर पडत होते, आणि नव्या यादीत जुना सर्व्हर लिहायचा राहिला. मेलवर डीकेआयएम नावाची डिजिटल सही असती तरी चाललं असतं, पण तो सर्व्हर सही करत नव्हता. जे पुरवठादार ही सूचना कडक पाळतात त्यांच्याकडून मेल परत, जे पाळत नाहीत त्यांना व्यवस्थित मिळाले. म्हणून अर्धी साखळी सुरळीत आणि अर्धी कोरडी, आणि गोदामात कोणाला काही कळेना.

आता खरी गंमत. मेलचे मूळ नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. त्यात एक फार सभ्य अट आहे. ज्या सर्व्हरने मेल "घेतला" असं म्हटलं, त्याने तो एकतर पोचवायचा, नाहीतर पाठवणाऱ्याला कळवायचं की पोचला नाही. घेतला म्हणण्याचा आकडा २५०, नाही म्हणण्याचा ५५०. जुन्या सर्व्हरने ही अट तंतोतंत पाळली होती. पुरवठादाराकडून ५५० मिळाल्यावर प्रत्येक वेळी त्याने पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर मेल टाकला: अमुक अमुक यांनी तुमचं पत्र घेतलं नाही.

आणि तो पत्ता होता "नो-रिप्लाय".

त्या नावाचा मेलबॉक्स खरंच होता. तो उघडायला परवानगी मिळवण्यात दोन दिवस गेले, कारण तो कोणाचा हेच कोणाला माहीत नव्हतं. उघडला तर आत परत आलेल्या मेलची रास! पहिल्या दिवसापासूनची, तारीखवार, कारणासकट. मशीन अकरा दिवस ओरडून सांगत होतं, फक्त ऐकायला कोणी नव्हतं.

असो. हे वाचून काही जण म्हणतील, जुनं मशीन फेकून द्या. मला नाही पटत. मशीनने सांगितलं ते काम केलं. जुन्या सर्व्हरनेही केलं. सुरक्षा बघणाऱ्या लोकांनाही मी दोष देणार नाही. दुसऱ्याच्या नावाने फसवे मेल पाठवणाऱ्यांचा सुळसुळाट आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही सक्तीचे केले, ते बरंच झालं. आणि त्याच डीमार्कमध्ये सोयही आहे की, आधी "नुसतं बघून सोडा" अशी सूचना ठेवायची, आपल्या नावाने कुठून कुठून मेल जातात त्याचे अहवाल मागवायचे, कोणी राहिलं का ते पाहायचं आणि मगच "हाकला" म्हणायचं. ही पायरी इथे कोणी चढलंच नाही, सरळ वरच्या मजल्यावर उडी.

माझा खरा राग आहे तो नो-रिप्लाय या पत्त्यावर. "आम्ही बोलू, तुम्ही बोलू नका" असं छापून पत्र पाठवणं हे मुळात उद्धटपणाचं. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की, उत्तरं कोण वाचत बसणार, "मी सुट्टीवर आहे" असले आपोआप येणारे मेलच शेकड्याने येतात. खरं आहे. पण ते गाळायला चाळणी लावता येते, आणि तीही आपोआप चालते. उरलेले चार माणसाने वाचावेत. ज्या मेलवर कोणाच्या तरी मुलाच्या नळीचा साठा अवलंबून आहे, त्या मेलचं उत्तर वाचायला एक माणूस देता येत नसेल, तर तो मेल पाठवायचा तरी कशाला?

यापूर्वी एका जर्मन शाखेच्या मशीनवर मेल जाईनात. एएस फोर हंड्रेड अक्षरं साठवायला एबसिडिक नावाची पद्धत वापरतं, आणि तिच्या अमेरिकी आणि जर्मन तक्त्यांत ॲटच्या चिन्हाची जागा वेगळी आहे. जर्मन तक्त्यात त्या जागी कायद्याच्या कलमाचं चिन्ह येतं. त्यामुळे पत्ता पत्ताच राहिला नव्हता. पण तो बिघाड पहिल्या मिनिटाला बोंबलला, आणि दुपारपर्यंत दुरुस्त झाला. बोंबलणारा बिघाड परवडतो. मुका बिघाड घात करतो. आणि बिघाड मुका नसतो बरेचदा, आपणच त्याला कान नसलेल्या खोलीत कोंडलेलं असतं.

जुन्या माणसांना हे सगळं ठाऊक होतं. महत्त्वाचं पत्र रजिस्टर एडीने जायचं, आणि सही झालेलं ते कार्ड परत आलं की मगच काम झालं म्हणायचे. पोस्टात टाकल्याची पावती वेगळी आणि पोचपावती वेगळी, हा फरक माझ्या शाळा न शिकलेल्या आजीलासुद्धा कळत होता. आमचा तक्ता मात्र टाकल्याच्या पावतीवरच "होय" म्हणत होता. तो तक्ता ऑपरेटरने बनवलेला नव्हता. त्याला जे बघायला सांगितलं ते त्याने बघितलं आणि खरं तेच लिहिलं.

हे सगळं मी कागदावर मांडलं. मॅनेजरने मान्य केलं, मुलगा कामावर राहिला. पण एक गोष्ट मला अजून सलते. ठपक्याचा मेल गेला होता सतरा जणांना. खुलाशाचा गेला दोघांना, मला आणि माझ्या साहेबांना. उरलेल्या पंधरा जणांच्या डोक्यात तो मुलगा अजून "न बघता खुणा करणारा" असेल. मी साहेबांना म्हटलं की, हा खुलासा त्या सगळ्यांना पाठवा. ते म्हणाले, "अगं, जाऊ दे ना आता, मिटलंय." मी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाठवला, आणि मी त्यातल्या दोघांना फोन करून विचारलं की मिळाला का, वाचला का. एकाने वाचला होता.

आता पुरवठादारांच्या यादीत आमचा बाहेरचा एक मेलबॉक्स घातलाय, तो रोज उघडून बघायचा. परत येणारे मेल गोदामातल्या खरेदी विभागात एका खऱ्या माणसाकडे जातात. मागणी नसेल त्या दिवशीही "आज काही नको" असा मेल जातो, म्हणजे शांतता झाली की ती बिघाडाचीच समजायची. आणि तक्त्यातली ती ओळ आम्ही बदलली. "मेल गेले" च्या जागी आता "मेल पोचले - कोणी सांगितलं?" असा रकाना आहे. त्यात होय-नाही चालत नाही, नाव लिहावं लागतं. पहिल्या दिवशी त्या मुलाने तिकडच्या खरेदी विभागातल्या बाईंचं नाव लिहिलं, आणि पुढे वेळ: नऊ वाजून बावन्न मिनिटं.