हा रोग लागते का जी?

आमच्या भंडाऱ्याकडे एखाद्या बाईला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं, की पहिला प्रश्न औषधाचा नसतो. कोणीतरी हळूच विचारतं, "हा रोग लागते का जी?" यावर शिकलेली मंडळी हसतात, नाहीतर रागावतात. मला दोन्ही पटत नाही. कारण नेमका हाच प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारलाय, आणि तोही गेली कित्येक दशकं. त्यातला एक धागा तर आपल्या मुंबईतूनच जातो.

सुरुवात उंदरांपासून. उंदरांच्या काही जातींत स्तनाचा कॅन्सर पिढ्यान् पिढ्या दिसायचा. आईला झाला, मग लेकीला झाला, म्हणजे आनुवंशिकच असणार, असं कोणीही म्हणेल. पण १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी अशा जातीची पिल्लं जन्मताच दुसऱ्या जातीच्या माद्यांकडे प्यायला ठेवली, जिच्यात हा रोग फारसा होत नसे. मोठेपणी त्या पिल्लांत कॅन्सरचं प्रमाण बरंच कमी निघालं. म्हणजे रोग नुसता रक्तातून नाही, आईच्या दुधातूनही उतरत होता! दुधातली ती गोष्ट पुढे व्हायरस ठरली.

मुंबईत याच विषयावर काम केलं ते कमल रणदिवे यांनी. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या बाईंनी डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. केली, १९४९ साली. अनुवंश, हार्मोन्स आणि हा व्हायरस, यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्या उंदरांवर तपासत होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव मला तरी कुठे भेटलं नाही. असो.

मग १९७१. पारशी समाजात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त, आणि लग्नंही समाजातल्या समाजात. म्हणून पारशी बायकांचं दूध इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासलं गेलं. अमेरिकेतले डॅन मूर आणि मुंबईच्या सत्यवती शिरसाट यांच्यासारखे संशोधक त्यात होते. काही नमुन्यांत उंदराच्या व्हायरससारखे दिसणारे कण सापडले. 'नेचर'मध्ये ते छापून आलं.

पण 'सारखे दिसणारे' म्हणजे 'तेच' नव्हे. आणि तेच असले तरी त्यांच्यामुळेच रोग झाला, हेही सिद्ध होत नाही. पुढे काही प्रयोगशाळांना बायकांच्या गाठींत त्या व्हायरसच्या जनुकांसारखे तुकडे सापडले, काहींना अजिबात सापडले नाहीत. तपासताना उंदराचाच डीएनए नमुन्यात मिसळला असेल, ही शंकाही आलीच. आजपर्यंत माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरला व्हायरस कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

आता मला खरं म्हणायचंय ते पुढेच आहे. समजा, उद्या सिद्ध झालं. तरी काय? गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर व्हायरसमुळे होतो, हे पक्कं सिद्ध आहे. तो व्हायरस शरीरसंबंधातून जातो, ताटा-वाटीतून नाही. आणि संसर्ग झालेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर होतही नाही. उलट कारण कळल्याचा फायदाच झाला. लस आली. आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. त्याचा निकाल २००९ साली आला : व्हायरसची एकच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

पण 'व्हायरस' हा शब्द घरात शिरला की वेगळंच होतं. आमच्याच नात्यात झालंय. वाचणारे ओळखतील, म्हणून गाव लिहीत नाही. तिचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला. नातीला तिच्या मांडीवरून उचलून नेलं. ती काही बोलली नाही. मला विचाराल तर केमोपेक्षा तिला तेच जास्त लागलं. आणि हे सगळं पाहणारी शेजारीण स्वतःच्या छातीतली गाठ कोणाला सांगेल? कशाला सांगेल?

म्हणून प्रश्नाला हसू नये, सरळ उत्तर द्यावं. नाही, हा कॅन्सर जेवणातून, कपड्यातून, स्पर्शातून कोणाला होत नाही. उंदराची गोष्ट ऐकून बाळाला अंगावर पाजायचंही कोणी सोडू नये. ३० देशांतल्या अभ्यासांचा हिशोब २००२ साली मांडला गेला, तेव्हा दिसलं, की एकूण जितके महिने पाजलं तितका आईचाच धोका कमी होतो, दर १२ महिन्यांमागे ४ टक्क्यांच्या आसपास.

आणि तपासणीचं म्हणाल, तर मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासत. २०२१ साली निकाल आला. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही, पण रोग लवकर सापडण्याचं मोल आहेच.

तेव्हा मंडळी, रोग लागत नाही. गाठ मात्र हाताला लागते. लागली तर लपवू नका. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. घरातलं कोणीतरी तिच्यासोबत जा.